धाकू शिपायाचा नंबर

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
४ सप्टेंबर २०२१

ति. आबांना सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आत्या मध्ये उभी राहून माझं एक वाक्य तिसरंच करून सांगते, म्हणून पत्र. आधी तक्रार ऐका. पाकिटावर माझ्या नावापुढे ‘बी.ए.’ लिहायचं बंद करा. पत्रं कंपनीच्या पेटीत येतात. आमचे मॅनेजर संजीव सर पुण्याचे आहेत, ते मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, “बी.ए. मॅडम, पत्र आलंय, यल्ला, घेऊन जा!” सगळं ऑफिस हसतं.

आता मुद्दा. परवा अमेरिकेची एक बातमी वाचली. पहिल्या महायुद्धात त्यांची काळ्या सैनिकांची एक पलटण होती. त्यांच्याच गोऱ्या सैन्याला त्यांच्या शेजारी लढायचं नव्हतं, म्हणून त्यांना फ्रेंचांच्या हाताखाली दिलं. तिथे ते शौर्यानं लढले आणि परत येऊन पुन्हा होते तिथेच राहिले. आता शंभर वर्षांनी तिथल्या संसदेनं कायदा करून त्या पलटणीला सोन्याचं पदक दिलं. त्यातला एकही माणूस आज जिवंत नसेल. पण देशानं सांगितलं ना, की हे आमचे होते!

ही बातमी मला जैतूननं दाखवली. दोह्याजवळ उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात आमच्या कंपनीचं सरावाच्या मैदानाचं काम चालू आहे, तिथे ती गेटवर सिक्युरिटी गार्ड आहे. केनियातल्या मोंबासाची, हिंदी इथेच शिकली. तिचे आजोबा इंग्रजांच्या आफ्रिकन पलटणीत होते, थेट ब्रह्मदेशात जाऊन लढले. जेवताना मी तिला आपल्या धाकू पणजोबांचं सांगितलं. १९१७ साली इंग्रजांनी आपल्या लोकांची पलटण उभी केली, तिच्यात ते शिपाई होते, आणि १९२१ साली ती मोडून टाकली. ती म्हणाली, “तेरा भी वैसा, मेरा भी वैसा. कोई पूछता नहीं.”

मी विचारायचं ठरवलंय. दिल्लीत माजी सैनिकांची एक संघटना आहे. मोडलेल्या पलटणींना देशानं मान द्यावा म्हणून ते सरकारकडे मागणी करणार आहेत. मी त्यांना लिहिलं. त्यांचं म्हणणं, नुसतं ऐकीव चालत नाही, शिपायाचा नंबर हवा. तो मेडलच्या कडेवर कोरलेला असतो. आबा, मी लहान असताना मेडलचं विचारलं की तुम्ही म्हणायचात, “जागेवर आहे.” ती जागा उघडा आणि नंबर लिहून पाठवा. एवढंच काम आहे.

तुमची,
यशोधरा

*

बौद्धवाडी, ता. दापोली
१ ऑक्टोबर २०२१

चि. यशोधरा, बी.ए. हिस अनेक आशीर्वाद. जयभीम.

पत्र पोचले. बी.ए. लिहिणार. आमच्या घरात ते अक्षर यायला किती पिढ्या लागल्या ते तुझ्या सरांना सांग, आणि म्हणावे अजून मोठ्याने वाचा.

अमेरिकेचे वाचून बरे वाटले. मी बांधकाम खात्यात मैलकुली होतो. रस्त्याला खडी मी घातली, पाटीवर नाव मंत्र्याचे. त्यामुळे मला सवय आहे. बापाला मात्र सवय नव्हती. मी सात वर्षांचा असताना ते गेले, तरी मला आठवते. सकाळी चुलीतली राख घेऊन मेडल घासायचे, छातीला लावायचे आणि वाटेने निघायचे. खोत ओटीवरून ओरडायचा, “काय रे धाकू, आज बैलाला घुंगरू?” ते थांबायचे, सलाम करायचे, साहेबाला करतात तसा, कडक. खोताला कळायचे नाही हा मान आहे की टिंगल. मला आजही कळलेले नाही.

एडनला होते म्हणायचे. तिकडे पाणी खारट आणि ऊन इथल्यापेक्षा वाईट. तू तिकडेच कुठे जवळ आहेस का?

मेडल जागेवर आहे. पाऊस संपू दे, मग बघतो. घाई करू नकोस.

तुझा आबा,
गोविंद धाकू

*

दोहा
१४ जानेवारी २०२२

ति. आबांना जयभीम.

पाऊस संपला, दिवाळी झाली, थंडीही आली. नंबर आला नाही. दोन पत्रांत तुम्ही गुडघेदुखी लिहिलीत, आंब्याचा मोहोर लिहिलात, वाडीतली भांडणं लिहिलीत. आबा, तुम्ही टाळताय का? मला राग येतो. तुम्हीच शिकवलंत की आपलं मागायला लाजायचं नाही.

संघटनेनं कळवलंय की कोकणातून त्यांच्याकडे एकही पक्कं नाव आलेलं नाही. एप्रिलअखेर मागणीचे कागद सरकारला देणार आहेत. एक नाव नंबरासकट मिळालं तरी सगळ्या पलटणीचा दावा उभा राहतो. ते एक नाव आपलं असावं, एवढंच मला वाटतं.

एक चांगली बातमी. फुटबॉलचा वर्ल्ड कप आता याच वर्षी, त्यामुळे इथे नुसती पळापळ आहे. माझं काम गेटपासची कार्डं छापायचं. मैदानावर आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि नंबर माझ्या मशीनमधून जातो. मी संजीव सरांना म्हटलं, काम संपलं की गेटवर एक फलक लावू, इथे राबलेल्या सगळ्यांच्या नावांचा. ते म्हणाले, “छान कल्पना आहे, वर बोलतो. इन्शाल्ला होईल.” मी जैतूनला सांगितलं तर ती हसली. “इन्शाल्ला बोला क्या? फिर खलास!” तिचा कशावर विश्वासच नाही. माझा आहे.

मेडल शोधा.

यशोधरा

*

बौद्धवाडी
६ मार्च २०२२

चि. यशोधरा, बी.ए. हिस आशीर्वाद.

हात थरथरतो, म्हणून थोडे लिहितो. काम चालू आहे. अमावास्या-पुनवेला बरे जमते, मधल्या दिवसांत नाही. रागावू नकोस. तिकडच्या समुद्राला ओहोटी मोठी असते का, ते लिही.

आबा

*

बौद्धवाडी
१० एप्रिल २०२२

यशू बाय,

मी हौसा आत्या लिहितेय. आबांना माहीत नाही. लिहायची सवय मोडलीय, चुकलं तर समजून घे.

बाय, मेडल घरात नाही. कधीचंच नाही. तुझे पणजोबा गेल्यावर माझ्या आजीनं, आबांच्या आईनं, ते मेडल देव्हाऱ्यात ठेवलं होतं. घरातल्या मेलेल्या माणसांचे चांदीचे टाक असायचे ना, त्यांच्यात. रोज हळदकुंकू वाहायची. मग सत्तावन्न साली आपल्या वाडीनं धम्म घेतला, तेव्हा सगळ्यांनी घरातले देव टोपल्यांत भरले आणि खाडीत नेऊन सोडले. आपल्या घरची टोपली आबांच्या डोक्यावर होती. वीस वर्षांचे होते, सगळ्यांत पुढे, घोषणा देत. वर फडकं बांधलेलं. उघडून कोण बघतंय? आजी त्या दिवशी मुंबईला तिच्या बहिणीकडे होती. परत आली आणि म्हणाली, “देव गेले ते बरं झालं रे गोविंदा. पण त्यात तुझा बाप पण होता.”

तेव्हापासून कुणी विचारलं की आबा म्हणतात, जागेवर आहे. खोटं नाही बोलत. खाडीतच आहे ते.

तुझं पहिलं पत्र आल्यापासून ओहोटी लागली की जातात पहार आणि चाळण घेऊन. पंच्याऐंशीला आलेला माणूस गुडघाभर चिखलात! मी बोलले तर म्हणतात, “पोरीला नंबर हवाय.” गेल्या मंगळवारी कमरेपर्यंत रुतले. तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या बायकांनी ओढून बाहेर काढलं. एकीनं विचारलं, “आजोबा, काय हरवलंय?” तर म्हणाले, “हरवलं नाही, मीच टाकलंय.” ताप उतरत नाही. खाटेवरून विचारतात, आज ओहोटी कितीला?

ते कुणाचं ऐकणार नाहीत. बी.ए.चं ऐकतील. काहीही लिही आणि त्यांना घरात बसव. मी सांगितलं म्हणून लिहू नको.

तुझी आत्या

*

दोहा
२३ एप्रिल २०२२

ति. आबांना जयभीम.

आनंदाची बातमी. संघटनेनं कळवलं आहे की नंबराशिवायही चालेल. पणजोबांचं नाव त्यांनी यादीत घेतलं. आता मेडलची काहीच गरज नाही, जिथे आहे तिथे राहू द्या. तुम्ही घराबाहेर पडू नका, औषध घ्या. तुम्ही विचारलं होतं, इथे ओहोटी असते, पण समुद्र उथळ आणि हिरवा आहे, आपल्या खाडीसारखा चिखल नाही.

तुमची यशोधरा

(आत्या, हा दुसरा कागद फक्त तुझ्यासाठी. वरचं सगळं खोटं आहे. त्यांनी आपला अर्ज परत केला. पत्र सभ्य आहे, आमच्या भावना समजतात असं लिहिलंय. कोकणातून कुणाचंच नाव जाणार नाही. मी दुसरं काय लिहू शकत होते? हा कागद चुलीत घाल.)

*

बौद्धवाडी
३ जुलै २०२२

चि. यशोधरा, बी.ए. हिस उदंड आशीर्वाद. जयभीम.

पत्र आले त्या दिवशीच ताप उतरला. हौसा म्हणते औषधाने. औषधाला काय कळते!

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. आयुष्यात कधी सभेत बोललो नाही. म्हटले, माझा बाप शिपाई धाकू याचे नाव दिल्लीत लागले, माझ्या नातीने लावले. सगळे उठून उभे राहिले. ज्यांचे आजे-पणजे त्याच पलटणीत होते ती चार घरे रडली. मग ठरले की विहारासमोर शिळा बसवायची. पलटणीचे नाव आणि खाली बापाचे, कारण पक्के तेवढेच आहे. बाकीच्यांनी कुरकूर केली नाही. म्हणाले, एक लागले म्हणजे सगळ्यांचे लागले.

आता एकच. नाव छापलेला कागद पाठव. मला तो हातात धरायचा आहे. वाचता येते म्हणून वाचायचा आहे. घाई कर असे मी म्हणत नाही, पण घाई कर.

जे जागेवर आहे ते तिथेच राहू दे. मी आता जात नाही.

आबा

*

दोहा
२० ऑगस्ट २०२२

ति. आबांना जयभीम.

संजीव सरांच्या पत्नी नीता वहिनी गणपतीला पुण्याला जात आहेत. त्या हे पाकीट तिथून स्पीड पोस्टानं पाठवतील. सोबत पणजोबांच्या नावाचं कार्ड आहे. शेवटी नंबरही मिळाला, तोही त्यावर आहे. कार्डाच्या मागे जे छापलंय तिकडे लक्ष देऊ नका.

रजा मागितली होती. वर्ल्ड कप होईपर्यंत कुणालाच नाही म्हणाले. डिसेंबरात नक्की येते. तोवर तब्येत सांभाळा.

यशोधरा

*

बौद्धवाडी
३० ऑक्टोबर २०२२

यशू बाय,

फोनवर तुला रडूच आवरेना, म्हणून उरलेलं लिहिते.

आबा शांतपणे गेले. मनात काही ठेवून गेले नाहीत, एवढं तू पक्कं समज. कार्ड आल्यापासून उशाशी होतं. येईल त्याला दाखवायचे. फोटोच्या जागी ते करड्या रंगाचं डोकं आहे ना, नाक नाही डोळे नाहीत, त्याला म्हणायचे, “कान बघ, माझ्यासारखेच.” मागच्या बाजूला उर्दू छापलंय, तर सगळ्यांना समजावून सांगायचे की पलटणीचा कारभार तेव्हा उर्दूतच चालायचा. नंबर तोंडपाठ केला होता. एक्केचाळीस बहात्तर, एक्केचाळीस बहात्तर. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. एकदा मी पाणी द्यायला गेले तर झोपल्या झोपल्याच कडक सलाम केला आणि तो नंबर सांगितला.

पुण्यानुमोदनाला सगळी वाडी होती. त्याच दिवशी शिळेचं काम पुरं झालं. पलटणीचं नाव, खाली ‘शिपाई धाकू बाळू’ आणि त्याखाली नंबर. पाथरवट म्हणाला नंबर बारीक काढतो, तर तरुण पोरं म्हणाली, नाही, नंबर मोठा काढ. नाव कुणीही घालतं, नंबर हाच पुरावा. अक्षरांत सोनेरी रंग भरलाय. लांबून पण वाचता येतं.

चार घरांनी मला विचारलंय, आमच्यांचे नंबर पण यशू शोधून देईल का? मी म्हटलं, विचारते.

तू कधी येतेस?

आत्या

*

दोहा
१९ नोव्हेंबर २०२२

प्रिय आत्या,

उद्या पहिली मॅच. रस्त्यावर सगळ्या देशांचे झेंडे आहेत. ओल्ड एअरपोर्टच्या आमच्या इमारतीवरही दिव्यांच्या माळा सोडल्यात. खालून गाड्या हॉर्न वाजवत जातायत आणि मी तुझं पत्र पुढे घेऊन बसलेय. काय उत्तर लिहायचं ते दहादा ठरवलं.

चार घरांना सांग, मला नंबर शोधता येणार नाहीत. आणि का ते फक्त तू ऐक.

छापलेला कागद मागणारं आबांचं पत्र आलं तेव्हा मी खूप विचार केला. दिल्लीला दोन पत्रं आणखी लिहिली, उत्तर नाही. मग वाटलं, माझ्याकडे कार्डाचं मशीन आहे. एक कार्ड छापावं, नाव आणि पलटण, एवढंच. आबांच्या हातात धरायला. पण ते मशीन नंबराशिवाय कार्ड छापतच नाही. नाव नसलं तरी छापेल, नंबर नसला तर नाही. आणि मनानं घातलेला नंबर ते घेत नाही. कंपनीच्या यादीतला लागतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या कार्डावर चालू असून चालत नाही.

त्याच आठवड्यात जैतूनचं काम संपलं. वर्ल्ड कपच्या आधी माणसं कमी करायची म्हणून बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यात ती. तिची फार इच्छा होती थांबायची. ज्या गेटवर इतकी वर्षं उभी राहिली तिथून एखादा खेळाडू आत जाताना बघायचा होता. मी संजीव सरांकडे गेले. ते म्हणाले, “यशोधरा, माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं असतं का? माझंच डिसेंबरनंतर काय, मला माहीत नाही.” खरंच नसेल त्यांच्या हातात.

जाणाऱ्या माणसाचं कार्ड परत घ्यायचं, त्याच्यासमोर कात्रीनं कापायचं आणि तुकडे पिशवीत मोजून द्यायचे, असा नियम आहे. ते काम माझं. जैतून म्हणाली, “मेरा मत काट, मैं अम्मा को दिखाऊँगी.” मी म्हटलं, पिशवी मोजतात. ती म्हणाली, ठीक आहे. मी कापलं, आत्या. तिच्या डोळ्यांसमोर. तिचा फोटो अर्ध्यातून गेला.

मग मी तिला आबांचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. तिनं पिशवीतल्या तुकड्यांकडे बोट दाखवलं. म्हणाली, “मेरा नंबर अब खाली है ना? वो डाल दे. तेरे दादा को दे दे.” मी नको म्हटलं. ती म्हणाली, तिच्या आजोबांनाही पलटणीत नंबर होता, तो घरात कुणालाच ठाऊक नाही. निदान एका म्हाताऱ्याला तरी नंबर मिळू दे.

एक्केचाळीस बहात्तर तिचा आहे.

मागे छापलेलं ते उर्दू नाही, अरबी आहे. कार्ड हरवलं तर कंपनीत आणून द्यावं, असं लिहिलंय.

मला वाटलं होतं, आबा कार्ड उशाशी ठेवतील, आणि मग डिसेंबरात मी आले की सगळं सांगेन, ते दोन शिव्या देतील आणि हसतील. शिळेचं मला ठाऊक होतं, पण तिच्यावर ते नाव घालणार होते, नंबर घालतील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. इतके दिवस नंबर-नंबर करून मीच त्यांच्या मागे लागले होते, आणि तरी आलं नाही.

गेटवर आता फलक लागलाय. गुळगुळीत, काळा, छान आहे. कंपनीचं नाव आहे, ज्यांनी उद्घाटन केलं त्यांचं आहे, आणि खाली इंग्रजीत ‘आमच्या सर्व कामगारांचे आभार’. मी त्याच्यासमोर उभी असताना संजीव सर मागून आले. म्हणाले, “एवढं तरी घातलं त्यांनी. मी भांडलो होतो त्या एका ओळीसाठी.” मी शुक्रिया म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

जैतूनचा फोन लागत नाही. इथला नंबर बंद झाला, तिथला तिनं दिलेला उचलत नाहीत. तिला सांगायचं होतं की तिचा नंबर कुठे आहे. इथे तो मशीनमधूनही पुसला गेला. आता जगात एकाच ठिकाणी उरलाय, आपल्या विहारासमोर, सोनेरी रंगात, आपल्या पणजोबांच्या नावाखाली.

शिळा खोटी आहे, आत्या. आणि पलटण खरी होती, पणजोबा खरे होते, चार घरांचे आजे-पणजेही खरे होते. हे सांगायला गेले तर लोक शिळेवरचं सगळंच खोटं मानतील, आणि खोताच्या ओटीवर बसणारे आजही आहेत. न सांगावं तर उद्या कुणीतरी शिकलेली मुलगी तो नंबर उतरवून घेईल, माझ्यासारखीच कुठेतरी अर्ज करेल, आणि तिला उत्तर येईल की असा शिपाई नव्हता.

मला रजा पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. तोवर पाथरवटाला बोलवायचं की नाही, तू ठरव. मला ठरवता येत नाही. बी.ए. असून येत नाही.

आणि ठरवेपर्यंत एक कर. तिथून जाताना कुणी त्या नंबराला सलाम केला, तर त्याला अडवू नकोस.

तुझी,
यशू